स्वतःची चित्रं काढून पीएचडी? आर्ट थेरपीत संशोधकाची चित्रवही नेमकं काय काम करते

रत्नागिरी म्हटलं की आधी हापूस आठवतो. मग थिबा पॅलेस, लोकमान्यांचं जन्मस्थान, भाट्याचा समुद्र. पण कोकणात गप्पांच्या ओघात कुणी म्हणालं, "ह्याला रत्नागिरीला न्यायला हवं," तर ते आंबे खायला नेण्याबद्दल नसतं. ब्रिटिश काळापासून चालत आलेलं प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं. त्यामुळे या गावांची नावं आपल्याकडे विनोदात वापरली जातात आणि मनाच्या आजाराबद्दल बोलणं तिथंच थांबतं.

आता याच जिल्ह्यातल्या एका मुलीची कल्पना करा. तिनं मानसशास्त्रात एमए केलंय, आर्ट थेरपीचं प्रशिक्षण घेतलंय आणि तिला याच विषयात पीएचडी करायची आहे. घरचे विचारतात, "अभ्यास कुठवर आला?" ती वही उघडून दाखवते. वहीत कोळशानं काढलेली घरं, जलरंगाचे ओघळ, मध्येच नुसत्या रेघोट्या. घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "ही पीएचडी आहे की चित्रकलेचा क्लास?"

प्रश्न रास्त आहे. दुसऱ्यांच्या मनाचा अभ्यास करायचा तर संशोधकानं स्वतः चित्रं कशाला काढायची? आणि काढली तरी ती प्रबंधात कशाला घ्यायची? या पद्धतीमागे जवळपास शंभर वर्षांचा अनुभव आहे आणि बरीच भांडणंही आहेत. तेच समजून घेऊ.

आधी हे बघू, आर्ट थेरपी म्हणजे काय?

इन्स्टाग्रामवर मंडल रंगवतानाची रील टाकून खाली 'आर्ट थेरपी' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. रंगवून बरं वाटतं हे खरं आहे. पण त्याला थेरपी म्हणत नाहीत. आर्ट थेरपीत तीन गोष्टी लागतात. चित्र काढणारी व्यक्ती, तिचं चित्र आणि प्रशिक्षित थेरपिस्ट. या तिघांमध्ये जे घडतं, त्यातून उपचार पुढे जातो. चित्र चांगलं आलं की वाईट, याला तिथं काहीच किंमत नसते.

हा शब्द रूढ झाला तो टीबीच्या एका पेशंटमुळे. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल हे १९३८ मध्ये क्षयरोगाच्या सॅनिटोरियममध्ये उपचार घेत होते. पडल्या पडल्या ते समोर दिसेल ते काढू लागले, त्यांना त्यातून उभारी मिळाली आणि मग इतर रुग्णांनाही ते चित्रं काढायला लावू लागले. १९४२ मध्ये त्यांनी या कामाला 'आर्ट थेरपी' हे नाव दिलं आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं.

म्हणजे या क्षेत्राची सुरुवातच एका माणसानं स्वतःसाठी काढलेल्या चित्रांतून झाली. पुढे जे झालं ते बघता ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणखी एक गैरसमज इथंच दूर करायला हवा. काळा रंग वापरला म्हणजे डिप्रेशन, झाडाला मुळं काढली नाहीत म्हणजे असुरक्षितता, अशा याद्या व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. आर्ट थेरपी अशी चालत नाही. एखाद्याच्या चित्रात काळा रंग असतो कारण डब्यात तेवढाच खडू शिल्लक असतो. चित्राचा अर्थ काढणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरत नाही.

मनात उन्हाळा, कागदावर वादळ

मेरियन मिल्नर या ब्रिटिश मनोविश्लेषक. त्यांना चित्रं काढायची हौस होती, पण मनासारखं काही जमत नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं की काय काढायचं याचा विचारच करायचा नाही, हात जाईल तशी रेघ जाऊ द्यायची आणि नंतर काय झालं ते प्रामाणिकपणे लिहायचं.

एकदा त्यांना उन्हाळ्यातली शांत, डेरेदार झाडं काढायची होती. कागदावर उतरली ती बर्फाळ कड्यावरची, वादळानं झोडपलेली दोन खुरटी झुडपं. मनात ठरवलेला भाव एक आणि हातानं काढलेला अगदी उलट. असं पुन्हा पुन्हा होत गेलं. आपल्याला वाटतं तेवढं आपण आपल्याला ओळखत नाही, हे त्यांना स्वतःच्याच चित्रांनी दाखवलं. १९५० मध्ये यावर त्यांचं पुस्तक आलं. त्याचं नावच 'चित्र काढता न येण्याबद्दल' अशा अर्थाचं आहे. आर्ट थेरपी शिकणारे आजही ते वाचतात.

त्याच्याही आधीचं उदाहरण कार्ल युंग यांचं. १९१८-१९ च्या सुमारास ते स्वित्झर्लंडमधल्या एका गावी सैन्यातल्या कामावर होते. तिथं ते रोज सकाळी वहीत एक छोटं वर्तुळाकार चित्र काढायचे. आपण ज्याला मंडल म्हणतो तसं. कालांतरानं त्यांच्या लक्षात आलं की त्या दिवशी मनात जे चाललंय त्याप्रमाणे वर्तुळ बदलतं. एकदा एका बाईचं पत्र आलं. तुमच्या या कल्पना म्हणजे कलाच आहे, असा तिचा आग्रह होता. पत्र वाचून युंग वैतागले. दुसऱ्या दिवशीच्या चित्रात वर्तुळाची कड एका बाजूनं फुटली होती आणि सगळा तोल बिघडला होता.

यात युंग काय करत होते? रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आकारात, एकच गोष्ट नोंदवत होते. हवामान खात्यात पावसाची नोंद ठेवतात तशी. फरक इतकाच की मोजमाप स्वतःच्या मनाचं होतं. त्यांची त्या काळातली चित्रं आणि लेखन असलेलं 'रेड बुक' बरीच वर्षं कुटुंबाकडेच राहिलं आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

पण याला संशोधन म्हणायचं का?

मिल्नर आणि युंग कुणी पीएचडीसाठी हे केलं नव्हतं. विद्यापीठात हा विषय आला तेव्हा वाद होणारच होता.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या शिक्षण संशोधकांच्या परिषदेत एक चर्चा गाजली. एका बाजूला स्टॅनफर्डचे इलियट आइस्नर, दुसऱ्या बाजूला बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडणारे हॉवर्ड गार्डनर. विषय होता, कादंबरीला पीएचडीचा प्रबंध म्हणता येईल का? आइस्नर यांचं म्हणणं, काही गोष्टी कलेतूनच नीट कळतात. गार्डनर यांना ते पटत नव्हतं. हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

तोवर मानसशास्त्रात मात्र एक वाट तयार झाली होती. क्लार्क मुस्ताकास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या लहान मुलीच्या हृदयात दोष होता. ऑपरेशन करायचं की नाही, हा निर्णय बापाला घ्यायचा होता. त्या दिवसांत त्यांना जो एकटेपणा जाणवला, त्यावरच त्यांनी अभ्यास सुरू केला. १९६१ मध्ये एकटेपणावरचं त्यांचं पुस्तक आलं. १९९० मध्ये त्यांनी ही सगळी पद्धत टप्प्याटप्प्यानं मांडली. स्वतःला छळणारा प्रश्न पकडायचा, त्यात बुडून जायचं, मग काही काळ बाजूला ठेवायचा, मुरू द्यायचा. काहीतरी उमगलं की ते तपासून नीट मांडायचं आणि शेवटी सगळं मिळून एक रचना उभी करायची. ती गोष्ट असेल, कविता असेल किंवा चित्र.

आर्ट थेरपीत हे ठामपणे आणलं ते शॉन मॅकनिफ यांनी. १९९८ मधल्या त्यांच्या पुस्तकाचा मुद्दा सरळ आहे. आपण रुग्णांना सांगतो की चित्र काढल्यानं काहीतरी कळतं. मग संशोधन करताना आपण स्वतः फक्त प्रश्नावल्या आणि तक्ते का वापरतो? आपल्याच साधनावर आपला विश्वास नाही का?

रत्नागिरीत हे कसं दिसेल?

तत्त्व कळलं, पण प्रत्यक्षात काय होतं? सुरुवातीच्या त्या काल्पनिक मुलीकडे परत जाऊ. उदाहरण कल्पनेतलं असलं तरी त्यामागची परिस्थिती खरी आहे.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली. कारण कोकणात कुणाला सांगायला नको. घरटी एकतरी माणूस मुंबईला. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी येतात, घर भरतं. पाहुणे गेले की मागे राहते एखादी आजी.

आपल्या मुलीनं विषय घेतला, गावात एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांचा एकटेपणा आणि आर्ट थेरपी. प्रश्नावली तयार झाली. पहिला प्रश्न, "तुम्हाला एकटं कधी वाटतं?"

पण गावात जायच्या आधी तिनं दोन महिने एक नेम ठेवला. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, या विषयावर मनात येईल ते काढायचं. खाली तारीख आणि चार ओळी. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, फाडायचं नाही.

दोन महिन्यांनी तिनं सगळे कागद पडवीत जमिनीवर मांडले. एकेक चित्र बघताना जे दिसलं नव्हतं ते एकदम दिसलं. जवळपास प्रत्येक चित्रात घर होतं. चिऱ्याचं, कौलारू, दाराला कुलूप. माणूस एकाही चित्रात नव्हतं. आणि घर नेहमी लांबून, रस्त्यावरून दिसत होतं, जसं एसटीच्या खिडकीतून दिसतं.

म्हणजे ही मुलगी घराच्या आत कधी गेलीच नव्हती. ती चाकरमान्याच्या नजरेनं बघत होती. गावातलं घर म्हणजे बंद घर, तिथं राहणारी आजी म्हणजे बिचारी, हे तिनं आधीच धरून चाललं होतं. त्यात तिचा स्वतःचा अपराधीपणाही होता. तीसुद्धा आजीला गावी ठेवून मुंबईला शिकायला गेली होती.

आता पुन्हा तो पहिला प्रश्न वाचा. "तुम्हाला एकटं कधी वाटतं?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरची आजी भिडेखातर काहीतरी सांगेल आणि प्रबंधात 'एकटेपणा आढळला' असं लिहिलं जाईल.

तिनं प्रश्न बदलला. "आजी, तुमचा दिवस कसा जातो? घरात कोण कोण येतं-जातं?" आता उत्तरात शेजारची सून येऊ शकते, मांजर येऊ शकतं, बचत गट येऊ शकतो, मुलाचा व्हिडिओ कॉल येऊ शकतो. एकटेपणा असेल तर तोही येईल, पण आजीच्या शब्दांत.

इथं नीट लक्ष द्या. तिच्या चाळीस-पन्नास चित्रांनी आज्यांबद्दल काहीही सिद्ध केलेलं नाही. तसा दावा तिनं केला तर तो खोटा ठरेल. आपला प्रश्न कुठं वाकडा आहे, एवढंच त्या चित्रांनी दाखवलं. चष्म्याच्या काचेवर डाग असेल तर समोरच्या प्रत्येक गोष्टीवर डाग दिसतो. ही चित्रं म्हणजे चष्मा काढून काच बघणं.

गावात काम सुरू झाल्यावर वही बंद होते का?

नाही. उलट तेव्हाच तिची जास्त गरज पडते.

समजा, एका सत्रात एका आजीनं विहिरीवरचा रहाट काढला आणि हसत हसत सांगितलं की मुलगा चार वर्षांत आलेला नाही. आजी हसत होत्या, पण मुलीच्या पोटात खड्डा पडला. त्या रात्री तिनं लगेच एक चित्र काढलं. याला आर्ट थेरपीत 'रिस्पॉन्स आर्ट' म्हणतात, म्हणजे सत्रानंतर थेरपिस्टनं स्वतःच्या मनात उमटलेलं कागदावर उतरवणं. अमेरिकन आर्ट थेरपिस्ट बार्बरा फिश यांनी यावर बरंच लिहिलं आहे.

चित्रात लाल रंगाचे जोरजोरात मारलेले फटकारे आले. राग होता. पण कुणाचा? आजी तर रागावलेल्या नव्हत्या. राग तिचा होता, त्या न येणाऱ्या मुलावरचा. ही नोंद झाली नसती तर पुढच्या सत्रात तिनं नकळत आजींना रागाकडे ढकललं असतं. आता ती ही गोष्ट गाईडसमोर ठेवू शकते, दोन पावलं मागे येऊ शकते.

मराठीत असं कुणी केलंय का?

थेरपीसाठी नाही, पण चित्र काढता काढता विचार कसा चालतो याची नोंद ठेवणारं एक मोठं नाव कोकणातलंच आहे. प्रभाकर बरवे. जन्म १९३६ चा, अलिबागजवळच्या नागावचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढे अनेक वर्षं वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली आणि बाजूनं आयुष्यभर डायऱ्या लिहिल्या. त्यात रेखाटनं आहेत, टिपणं आहेत, एखादी वस्तू आपल्याला का खुणावते याचा विचार आहे. १९९० मध्ये त्यांचं 'कोरा कॅनव्हास' प्रसिद्ध झालं. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा या डायऱ्यांचीही चर्चा झाली.

बरवे संशोधक म्हणून लिहीत नव्हते, पण वही कशी ठेवावी हे शिकायचं असेल तर मराठी विद्यार्थ्याला लांब जायची गरज नाही.

मग यात धोके नाहीत?

आहेत, आणि तेही मोठे.

पहिला धोका, स्वतःतच अडकून पडणं. चित्रं काढता काढता प्रबंध आत्मचरित्र होऊन बसतो आणि ज्यांच्यासाठी काम सुरू केलं ते लोक शेवटच्या प्रकरणात उरतात. यावर उपाय म्हणून चांगले गाईड प्रत्येक चित्रामागे एकच प्रश्न विचारतात, "यामुळे तुझ्या अभ्यासात काय बदललं?" उत्तर नसेल तर ते चित्र घरी ठेवायचं.

दुसरा, सोयीचं तेवढं दाखवणं. निष्कर्षाला जुळणारी पाच चित्रं घेतली आणि उरलेली लपवली, तर ती आकडे लपवण्याइतकीच लबाडी झाली. म्हणून सगळ्या चित्रांवर तारखा लागतात, क्रम लागतो आणि कुठल्या चित्रानंतर कुठला निर्णय बदलला याची लेखी नोंद लागते. परीक्षकाला ती वाट मागे चालत जाऊन तपासता आली पाहिजे.

तिसरा, स्वतःची जखम उघडणं. रोज चित्रं काढताना जुनं काहीतरी वर येतं. तेव्हा सोबत थेरपिस्ट किंवा अनुभवी मार्गदर्शक हवा. एकट्यानं झेपेल असं समजू नये.

चौथा धोका सोशल मीडियाच्या काळातला. संशोधकाची स्वतःची चित्रं तिची आहेत, ती कुठंही टाकेल. पण रिस्पॉन्स आर्टमध्ये आजीची गोष्ट मिसळलेली असते. ते चित्र कुणाचं? रहाट, गाव, चार वर्षं न आलेला मुलगा, एवढं कॅप्शनमध्ये लिहिलं की गावातल्या लोकांना आजी कोण ते कळतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा तिच्याबद्दलची माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. तिची माहिती गोपनीय ठेवणं हा तिचा हक्क आहे आणि डिजिटल स्वरूपातल्या माहितीलाही तो लागू होतो.

आपल्याकडे हे करायचं तर?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. त्यात कोर्सवर्क आलं, आराखडा समितीसमोर मांडणं आलं. लोकांवर अभ्यास करायचा तर नीतिविषयक समितीची परवानगी आणि सहभागी होणाऱ्यांची समजून उमजून दिलेली संमती हवी. चित्रवही ठेवायची असेल तर ती आराखड्यातच लिहावी लागते. किती दिवस काढणार, कशी वाचणार, त्यातून काय ठरवणार आणि काय ठरवणार नाही, हे आधीच सांगावं लागतं. मागाहून 'ही माझी चित्रं' म्हणून जोडलेलं परिशिष्ट म्हणजे सजावट झाली.

पेशा म्हणूनही या क्षेत्राची ओळख आत्ता कुठं तयार होतेय. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्रानं जो कायदा केला, त्याच्या यादीत आर्ट आणि डान्स मूव्हमेंट थेरपिस्टचा उल्लेख आहे. ज्या क्षेत्राची घडी अजून बसतेय, तिथं सुरुवातीचे प्रबंध कसे लिहिले जातात यावर पुढचं बरंच काही ठरतं. परदेशी पुस्तकांतले अर्थ आपल्या माणसांवर डकवायचे, की आपण कुठल्या खिडकीतून बघतोय हे आधी तपासायचं, हा निर्णय याच काळात होणार आहे.

त्या मुलीच्या घरच्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. वही म्हणजे पीएचडी नाही. पण ती वही नसती, तर तीन वर्षांनी एक जाडजूड प्रबंध तयार झाला असता, त्यात दाराला कुलूप लावलेली घरं असती आणि आत बसलेली आजी कुणालाच दिसली नसती.